उकंडा मिस्त्रीच्या घरचा ओटा

मारेगावात कुणी घर बांधायला काढलं आणि उकंडा मिस्त्रीला बोलावलं, की तो आधी चहा पितो, मग चपला काढून सगळ्या खोल्यांतून अनवाणी फिरतो आणि मग घरमालकाला विचारतो, "घरात पोछा कोण मारते?" पुरुषमाणूस या प्रश्नाच्या तयारीत नसतो. त्यानं मोबाइलात पंचवीस फोटो जमवलेले असतात. नागपूरच्या हॉटेलातली चकचकीत जमीन, कुठल्या तरी परदेशी बंगल्याचं दगडी दिसणारं अंगण. ते फोटो बघायचे सोडून हे पोछ्याचं मध्येच काय, असं त्याला वाटतं. पण उकंडा हलत नाही. जी पोछा मारते तिला बोलवा, फरशी ती पसंत करेल, तुम्ही फक्त हो म्हणा, असं तो सांगतो. हा त्याचा नियम आहे, आणि या नियमापायी निदान पाच-सहा चांगली कामं त्यानं हातची घालवली आहेत.

मी त्याची शेजारीण. बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवलं, आता निवृत्त आहे. माझा स्वभाव तापट आहे असं लोक म्हणतात. एकच गोष्ट ज्याला चारदा सांगावी लागते त्याच्यावर तापायचं नाही, तर काय त्याला हार घालायचा? तरी उकंडाबद्दल सांगताना मी शक्यतो शांत राहीन.

त्याच्या आधीची दोन भावंडं तान्हेपणीच गेली, म्हणून हा जन्मल्याबरोबर आजीनं त्याला उकिरड्यावर टेकवून उचललं आणि नाव उकंडा ठेवलं. आमच्या भागात या नावाची माणसं अजून आहेत, आणि बहुतेकांना ते नाव सांगताना थोडं लाजल्यासारखं होतं. याला नाही. हा गिऱ्हाइकाला स्वतःहून सांगतो की, जन्मल्यावर पहिले मी थेट जमिनीवरच ठेवल्या गेलो, तेव्हापासून माझा जमिनीचा अभ्यास आहे.

अभ्यास आहे हे मात्र खोटं नाही. टाइल तो बसवत नाही. त्याचं सगळं काम सिमेंटचं. घरातली जमीन रंग कालवून, घोटून, तेलावर आणलेली. अंगणात ओल्या सिमेंटवर झाडू ओढून काढलेल्या बारीक रेघा. कुठे वरचं सिमेंट ब्रशनं धुऊन आतली गिट्टी उघडी पाडलेली, कुठे रबरी ठसे दाबून फाडीच्या दगडाचा देखावा केलेला. एका मास्तरच्या दारात त्यानं सागाची खरी पानं दाबून त्यांच्या शिरा उमटवल्या आहेत. लोक त्यावर पाय द्यायला कचरतात आणि बाजूच्या चिखलातून आत जातात.

आणि नमुना ठेवल्याशिवाय तो काम धरत नाही. दोन बाय दोनची लादी करून आणतो आणि जिथे फरशी व्हायची तिथे आठ दिवस ठेवतो. त्या लादीवर चहा सांडायचा, हळदीचं तेल सांडायचं, सुपारी-तंबाखूचा खर्रा खाणारा कुणी असेल तर त्यानं थुंकून आपली कला दाखवायची. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसानं ओल्या पायानं तिच्यावरून चालायचं. बाहेरची लादी असेल तर भर दुपारी अनवाणी उभं राहून शंभर आकडे मोजायचे. आमच्याकडचा मे महिना ज्यानं पाहिला आहे त्याला हे वेगळं समजवावं लागत नाही.

माझ्या घरी मला पांढरी फरशी हवी होती. पोछा मीच मारते, तेव्हा पसंतीचा हक्क नियमानं माझा होता. उकंडा पांढरी लादी ओसरीत ठेवून गेला. माझं घर वणी रोडला. कोळशाचे ट्रक दिवसभर जातात. तिसऱ्या दिवशी लादी कुठली आणि ओसरी कुठली ते मला चष्मा लावून शोधावं लागलं. शेवटी त्यानं मला रस्त्याच्या धुळीच्याच रंगाची फरशी करून दिली आणि वर म्हणाला, "आता मळाची चिंता नाही मॅडम, ते पह्यलेच मळलेली आहे." मी आठवडाभर त्याच्याशी बोलले नाही. फरशीला चार वर्षं झाली, आणि मळलेली अजून एकदाही दिसली नाही.

आता त्याच्या बायकोबद्दल सांगायला हवं, कारण खरी हकीकत तिचीच आहे. सत्यभामाबाई तीस वर्षं त्याच्या बरोबरीनं कामाला जाते. माल कालवणं, अंथरणं, लेव्हल धरणं आणि घरमालकाशी बोलत बसणं, हे उकंडाचं काम. घोटाई तिची. मोठ्या हॉलच्या मधल्या भागाला मशीन फिरते, पण कडा, कोपरे, जिने, ओटे हातानंच घोटावे लागतात. गुडघ्यावर बसायचं, पाणी टाकत टाकत आधी खरबरीत दगड, मग मधला, मग बारीक, आणि शेवटी तेलाचा बोळा. फरशीत तोंड दिसायला लागलं की घरमालक पाहुण्यांना बोलावतो आणि म्हणतो, ही आपल्या उकंडा मिस्त्रीची फरशी. उकंडा हसून मान डोलावतो. सत्यभामाबाई त्या वेळी बहुतेक दगड धूत असते.

आणि या माणसाच्या स्वतःच्या घरात फरशी नव्हती. घरकुल बांधून अकरा वर्षं झाली होती, जमिनीवर नुसता कोबा, तोही जागोजागी गिट्टी वर आलेला. गरिबीमुळे नाही. ठरत नव्हतं म्हणून. एका वर्षी त्याच्या डोक्यात लाल घोटाई होती, तेवढ्यात ठशांचं काम निघालं. ठसे टाकावेत म्हटलं, तर धुतलेल्या गिट्टीत त्याचा जीव अडकला. नापसंत झालेल्या लाद्या मात्र घरात येत गेल्या. एकीवर सत्यभामाबाई कपडे धुते, एकीवर माठ, एक खाटेच्या पायाखाली. अख्ख्या तालुक्याच्या बायकांनी नको म्हटलेलं सगळं तिच्या घरी होतं. मी चारदा त्याला बोलले. पाचव्यांदा बोलणं माझ्या तत्त्वात बसत नाही.

असं चाललं असताना गेल्या हिवाळ्यात भगवानरावांचं काम आलं. कापूस, सोयाबीन, तूर असा मोठा पसारा असलेला हा गृहस्थ. रोडला लागून दुमजली बंगला बांधला. त्यांना आत, बाहेर, जिन्यावर, अंगणात, सगळीकडे आरशासारखी फरशी हवी होती. उकंडानं बाहेरच्या आरशाला जागीच नकार दिला. उघड्यावर चकचकीत जमीन करायची नाही, पावसात माणूस घसरते, हा त्याचा दुसरा नियम. यावर भगवानराव थोडे तापले. मग उकंडानं पहिला नियम काढला आणि पोछ्याचं विचारलं.

भगवानराव म्हणाले, कामाला बाई येते. उकंडानं विचारलं, आणि ती येत नाही त्या दिवशी? भगवानराव थोडा वेळ खरंच आठवत राहिले. मग त्यांनी आत हाक मारली आणि भागीरथावहिनी हात पुसत बाहेर आल्या.

लग्नाला पस्तीस वर्षं झाली तरी या बाईला आजवर कुणी पसंती विचारली नव्हती. साड्यासुद्धा भगवानरावच घाऊक आणायचे. विचारलं गेलं म्हटल्यावर त्यांनी ते इतकं मनावर घेतलं की उकंडालाही घाम फुटला. अकरा नमुने मागवले. प्रत्येकावर लोणच्याचं तेल, वरण, हळद. अंगणात तूर वाळत घालायची असते म्हणून प्रत्येक लादीवर पसाभर तूर टाकून झाडून पाहिली. धुतलेल्या गिट्टीत दाणे अडकले, ती बाद झाली. झाडूच्या रेघांच्या लादीवरून सगळे दाणे निघाले, ती पास झाली. कापसाच्या दिवसांत हॉलमध्येच ढीग लागतो, आणि खरबरीत जमिनीला कापूस चिकटतो, म्हणून हॉल आणि जिना घोटलेला. आणि ओल्या पायानं चालायला घरात सगळ्यात म्हातारं माणूस भगवानरावच होते. त्यांना वहिनींनी बारा फेऱ्या मारायला लावल्या. भगवानराव नंतर माझ्याकडे येऊन म्हणाले की, मॅडम, या मिस्त्रीनं माझ्या घरात क्रांती केली. चेहऱ्यावरून ते आभार मानत नव्हते.

काम सुरू झालं. हॉल झाला, मशीन फिरली, जिना ओतून झाला. कडा आणि पायऱ्यांची घोटाई तेवढी राहिली. एक दिवस सत्यभामाबाई कोपऱ्यात घोटत असताना भागीरथावहिनी तिच्यासाठी चहा घेऊन आल्या आणि सहज विचारलं की, तुमच्या घरी यातली कोणती आहे? सत्यभामाबाई म्हणाली, कोणतीच नाही. वहिनींना ती चेष्टा वाटली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या स्वतः बघायला आल्या. मी ओसरीत बसले होते, सगळं दिसत होतं. त्या आत गेल्या, कोब्यावरून दोन पावलं चालल्या, गिट्टी टोचली म्हणून थांबल्या, आणि बाहेर येऊन, दारातल्या सत्यभामाबाईकडे बोट दाखवत उकंडापुढे उभ्या राहिल्या.

"मिस्त्री, अख्ख्या दुनियेच्या बायाईले विचारता. यायले विचारलं का कधी?"

  उकंडाला जे सुचलं ते न सुचतं तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "घरचंच आहे ना वयनी, कधीही होते."

सत्यभामाबाई दारातच होती. तिनं ऐकलं आणि आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कामावर गेली नाही. घोटाईचे तिन्ही दगड तिनं धुतले, वाळवले, एका जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधले आणि कपाटावर ठेवून दिले. उकंडानं विचारलं तेव्हा एवढंच म्हणाली की, आपल्या घरची फरशी झाल्याशिवाय मी दुसऱ्याची घोटणार नाही. ओरडली नाही, रडली नाही. पोळ्या करत होती, त्या करत राहिली.

उकंडाला वाटलं, एका दिवसाचा राग आहे. दोन दिवसांनी त्यानं जमनाबाई नावाच्या दुसऱ्या एका कामवालीला जिन्यावर बसवलं. जमनाबाईनं बारीक दगड आधी फिरवला आणि खरबरीत मागून. पहिल्या पायरीवर अशा रेघा उठल्या की भगवानरावांना वाटलं मांजरानं नखं ओढली असावीत. जमनाबाई त्याच दिवशी परत गेली. भगवानराव रोज सकाळी मोटारसायकलवर येऊन विचारायला लागले की आपला जिना केव्हा. उकंडा म्हणायचा, होते. मग त्यालाच तो शब्द ऐकू यायचा.

चौथ्या दिवशी त्यानं हातपाय धुतले, धुतलेला सदरा घातला, नमुन्याच्या लाद्या ओळीनं मांडल्या आणि बायकोसमोर गिऱ्हाइकासमोर बसतात तसा बसला. मी तिथेच होते, कारण मला त्यानं साक्षीदार म्हणून बोलावलं होतं. त्यानं घसा साफ केला आणि विचारलं, घरात पोछा कोण मारते? सत्यभामाबाईनं त्याच्याकडे असं पाहिलं की मलाच माझा पदर सावरावासा वाटला. उकंडानं मान खाली घातली. मग ती म्हणाली, नमुने ठेवा, आठ दिवसांनी सांगते.

आणि तिनं खरोखर आठ दिवस घेतले. त्या आठ दिवसांत या माणसाच्या जिवाचं पाणी झालं. दारातून आत येताना त्याला लाद्यांवरून उड्या मारत यावं लागे. मध्ये एकदा त्यानं हळूच सुचवलं की ही करडी बरी दिसते. तिनं सांगितलं की, मिस्त्रीनं मध्ये बोलायचं नसते, हे तुम्हीच लोकांना सांगता.

आठव्या दिवशी निकाल लागला. घरात साधी लाल चालेल, ती म्हणाली. पण बाहेरचा ओटा हिरवा पाहिजे. घोटलेला. त्यात तोंड दिसलं पाहिजे.

हा ओटा म्हणजे दारासमोरची तीन हात रुंदीची जागा. संध्याकाळी ती तिथे भाजी निवडत बसते. वणीच्या एका डॉक्टरच्या घरी तिनं बारा वर्षांपूर्वी हिरवी फरशी घोटली होती, तेव्हापासून तो रंग तिच्या मनात होता. हे तीस वर्षं सोबत राहून उकंडाला माहीत नव्हतं. त्याला त्या वेळी त्याचं वाईट वाटून घ्यायची फुरसतही नव्हती, कारण ओटा उघड्यावर होता. वर पत्रा नाही, छप्पर नाही. ज्या गोष्टीला तो वीस वर्षं सगळ्या तालुक्याला नाही म्हणत आला, ज्यावरून त्यानं भगवानरावांशी वाद घातला, तीच गोष्ट त्याच्या दारात होणार होती. आणि भगवानराव रोज सकाळी त्याच दारात मोटारसायकल उभी करत होते.

तो माझ्याकडे न्याय मागायला आला. मी त्याला विचारलं, तुझे नियम दोन आहेत, त्यातला पहिला कोणता? तो म्हणाला, पोछ्याचा. मी म्हटलं, मग उदाहरण सुटलं, घरी जा. तो गेला नाही. पायरीवर बसला आणि म्हणाला, "मॅडम, हे पडन ना घसरून. तिचे गुडघे आधीच गेलेले आहेत." तेव्हा मला कळलं की त्याला आपल्या नावाची चिंता कमी होती आणि तिची जास्त. मला त्याची दया आली. पण दया आली म्हणून उदाहरणाचं उत्तर बदलत नाही, आणि तसं मी त्याला सांगितलं.

मग त्यानं एक लबाडी केली. वरच्या लेपात पिठासारखी बारीक रेती मिसळून एक हिरवी लादी बनवली. दिसायला चकचकीत, पण पाय घसरणार नाही. मोठ्या कौतुकानं ती तिच्यासमोर ठेवली. सत्यभामाबाईनं लादीकडे पाहिलंसुद्धा नाही. खिडकीबाहेर बघत नुसता तळवा फिरवला आणि म्हणाली, "रेती टाकली." मग हात मागे घेतला. "मायाच हाताले फसवून राह्यले का?"

उकंडानं लादी उचलली आणि मागच्या दारानं बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं ओट्याचा माल कालवायला घेतला, बिनरेतीचा.

आतली साधी लाल घोटायची नव्हती, ती त्याच आठवड्यात झाली. ओटा ओतला, पाणी मारून मारून पक्का केला, आणि घोटाईचा दिवस आला. उकंडानं सवयीनं बायकोकडे पाहिलं. तिनं कपाटावरचं गाठोडं काढलं, सोडलं, तिन्ही दगड त्याच्या हातात दिले. मग घरातली प्लास्टिकची खुर्ची आणून ओट्यासमोर मांडली आणि तिच्यावर बसली.

"तुमी घोटा. मले या ओट्यावर बसाचं आहे, गुडघे नाई टेकाचे."

पुढचे चार दिवस मी स्वयंपाक लवकर उरकून ओसरीत बसले. उगाच खोटं कशाला बोलू, टीव्हीवर इतकं चांगलं काही नसतं. पहिला तासभर उकंडा गाणं गुणगुणत होता. दुसऱ्या तासाला गाणं थांबलं. तिसऱ्या तासाला त्यानं मशीनचा विषय काढला, आणि मशीन तीन हातांच्या ओट्यावर वळत नाही हे तोच लोकांना सांगतो याची त्याला आठवण करून देण्यात आली. सत्यभामाबाई खुर्चीतून फार बोलत नव्हती. "कोपरा राह्यला," एवढंच मधून मधून म्हणायची. पाणी कमी पडतंय, दगड वाकडा धरलाय, ह्या सूचना माझ्याकडून फुकट जात होत्या. भगवानराव सकाळी आपल्या जिन्याचं विचारायला आले, मिस्त्रीला त्या अवस्थेत पाहिलं, गाडी स्टँडवर लावली आणि अर्धा तास थांबले. जाताना त्यांनी जिन्याचा विषयच काढला नाही. दुसऱ्या दिवशी ते भागीरथावहिनींना मागे बसवून घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी उकंडानं गुडघ्यांना जुन्या सदऱ्याचे तुकडे बांधले. तिसऱ्या दिवशी त्याला उठताना भिंत धरावी लागली. त्या दुपारी रस्त्यावर कुणी नव्हतं, मी तेवढी होते. घोटता घोटता, वर न बघता त्यानं तिला विचारलं, "तुले रोज असंच दुखे का?"

"पह्यली दहा वर्षं," ती म्हणाली.

"मंग?"

"मंग सवय झाली."

 त्याच्या हातातला दगड एकाच जागी फिरत राहिला, किती वेळ ते त्यालाही कळलं नसावं. शेवटी तिनंच सांगितलं की पुढे सरका, तिथे खड्डा पडेल. मला त्या वेळी या माणसाचा भयंकर राग आला, आणि तो रागच होता का हे मी अजून नक्की सांगू शकत नाही.

चौथ्या दिवशी संध्याकाळी तेलाचा बोळा फिरला आणि ओटा झाला. आता खरं सांगते, ओटा वाईट झाला. तालुक्यातली सगळ्यात वाईट घोटाई ती. इथे लाट, तिथे ओरखडा, दाराजवळ धुरकट डाग. दगड जिथे एकाच जागी फिरत राहिला होता तिथे ताटाएवढी जागा आरशासारखी लखलखत होती, आणि तेवढ्या जागेत सत्यभामाबाईचं तोंड दिसत होतं. उकंडानं पाण्याची बादली ओतली आणि आपल्या नियमाप्रमाणे ओल्या पायानं फेऱ्या मारल्या. एकदाही घसरला नाही. घोटाई इतकी कच्ची होती की घसरायला तिथे काही उरलंच नव्हतं. त्याचा दुसरा नियम त्याच्या हाताच्या अडाणीपणानं वाचवला, असं मी त्याला पुढे महिनाभर ऐकवत होते.

पण त्या संध्याकाळी तो फार ओशाळला होता. तेवढ्यात भगवानराव आले. त्यांनी ओट्याकडे निरखून पाहिलं, आणि ओटा कोणी इतका बिघडवला, असं विचारलं. चार दिवस स्वतःच बघत होते, तरी विचारलं. सत्यभामाबाई म्हणाली, मिस्त्रीच्या हातचा आहे जी, पहिलाच आहे. उकंडा घाईघाईनं म्हणाला की, कितीही भाडं पडो, उद्या वणीहून हातातलं छोटं मशीन आणतो, दोन घंट्यात काच करून देतो, हा राहू द्यायचा नाही.

सत्यभामाबाई खुर्चीतून उठली आणि ओट्यावर जाऊन बसली. पाय पसरून, मधोमध.

"हात लावाचा नाई याले. लोकाईच्या घरी तीस वर्षं म्या गुडघे टेकले. माया घरी पह्यल्यांदा कोणी टेकले. असाच राहू द्या."

भगवानरावांनी चप्पल काढली. का काढली ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मी चष्मा पुसायला घेतला आणि बराच वेळ पुसत राहिले. उकंडा ओट्याच्या कडेला उभा होता. जरा वेळानं तोही तिच्या शेजारी बसला, गुडघे दुखत असल्यामुळे हळूहळू, भिंतीला धरून.

भगवानरावांच्या जिन्याचं काम दुसऱ्या दिवशी सुरू झालं. मी मुद्दाम बघायला गेले. दगडांची गाठोडी आता दोन झाली होती आणि दोघंही गुडघ्यांवर होते, ती वरून खाली येत होती, तो खालून वर जात होता. बारा पायऱ्या होत्या. दोघं भेटले तेव्हा तिच्या नऊ झाल्या होत्या आणि त्याच्या तीन. भागीरथावहिनी सांगतात की त्या तीन पायऱ्या अंधारातसुद्धा पायाला कळतात. उकंडानं त्या पुन्हा घोटून देतो म्हटलं, तर वहिनींनी त्याला नको म्हणून सांगितलं.